कुंपणाचे पंधरा महिने, आणि ती शंभर रुपयांची तार

गेल्या ऑगस्टात रात्री अडीचला मागच्या दारी भांडी पडल्यासारखा आवाज झाला. आमचे हे म्हणाले, मांजर असेल. सकाळी बघते तर समुद्राकडच्या बाजूची तीस फूट जाळी आडवी, आणि शेजारची दोन वासरं आमच्या अळूत उभी.

आधी थोडं मागचं. दापोलीतलं मुरूड, घरापासून पुळण दीडशे मीटर. जुना चिऱ्याचा गडगा 3 जून 2020 ला निसर्ग वादळात माड पडून फुटला, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने उरलंसुरलं हलवलं. मग चार वर्षं पैसे साठवून मागच्या फेब्रुवारीत चेनलिंक, म्हणजे जस्त चढवलेल्या तारेची विणलेली जाळी, केली. 10 गेज, दोन इंची चौकडी, पाच फूट उंच, सिमेंटचे सात फुटी पोल दर आठ फुटांवर. अडीचशे फुटांना मजुरी धरून 78 हजार.

पीव्हीसीची हिरवी जाळी घेतली नाही, ते माझं मला अजून बरोबर वाटतं. नमुन्याचा तुकडा ब्लेडने सोलून बघितला. बाहेरून मोजली की 10 गेज, आत तार 14. म्हणजे सव्वातीन मिलिमीटरमधलं दोन मिलिमीटर लोखंड, बाकी प्लास्टिक. शिवाय कापलेल्या टोकातून खारं पाणी आत गेलं की सालीखाली गंज चढतो आणि बाहेरून जाळी हिरवीगार दिसत राहते. पोल घेताना शेजारच्या काकांनी एकच विचारायला सांगितलं होतं, समुद्राची वाळू वापरलीय का. तसल्या पोलात आतली सळी गंजून फुगते आणि सिमेंट फोडून बाहेर येते. आमचे पोल आजही सरळ आहेत.

तर पडलं काय? गाठी. जाळी पोलाला आणि आडव्या तारांना बांधायला ठेकेदाराने स्लॅबची सळी बांधतात ती काळी बाइंडिंग तार वापरली. तिच्यावर जस्ताचा लवलेश नसतो. मे महिन्यातच ती तांबूस झाली होती, मी दाखवलंही होतं. "मॅडम, वरवरचा रंग असतो तो." जुलैत बोटाने दाबली की बिस्किटासारखी तुटायची. आणि नुसती स्वतः गेली नाही, जिथे जिथे गाठ होती तिथलं जाळीचं जस्तही खाऊन गेली. लोखंडाला वाचवायला जस्त आधी मरतं, हा त्याचा गुण आहे म्हणे. आमच्याकडे चांगली जाळी दोन दमडीच्या तारेला वाचवत बसली.

हिशेब करून बघितला. एकूण तार लागली अडीच किलो. काळी आणि जस्ताची यांत किलोमागे चाळीस रुपयांचा फरक. म्हणजे 78 हजारांच्या कामात ठेकेदाराने शंभर रुपये वाचवले. मला सांगितलं असतं तर मी पदरचे दिले असते, वर चहाही.

फोनवर झालेलं भांडण लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. सार एवढंच की "वॉरंटी जाळीवर आहे, तारेवर नाही." मी म्हटलं, अहो, मग जाळी हवेत उभी राहणार होती का? त्यावर, "खाऱ्या वाऱ्याला आम्ही काय करणार?" खारा वारा काय त्या वर्षी नवीन आला होता?

इथपर्यंतचं मी सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं. आता थोडं स्वतःविरुद्ध लिहायचं आहे.

उत्तरेच्या बाजूलाही तीच काळी तार होती, तीही गंजली होती, पण ती बाजू पडली नाही. फरक एकच. समुद्राच्या बाजूला मी हट्टाने हिरवी शेडनेट लावून घेतली होती. सुट्टीत पुळणीवरून येणारी माणसं थेट आमच्या न्हाणीघरापर्यंत बघतात म्हणून. भाच्याने वहीवर गणित मांडलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे सत्तेचाळीस किलो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. दोन पोलांमधली जागा साधारण पावणेचार चौरस मीटर. गच्च झाकली तर पावणेदोनशे किलोचा माणूस तिथे टेकून उभा. उघड्या जाळीतून वारा निघून जातो, मी तिचं शीड करून ठेवलं. पलीकडच्या बंगलेवाल्यांनी तर अख्खा पत्रा ठोकलाय. त्यांचं कुंपण टिकलं, पण वारा त्यावरून उडी मारून आत पडतो आणि घुसळतो, त्यांच्या कोवळ्या सुपाऱ्या झोडपल्या गेल्या. अर्धा वारा सोडणारा आडोसा मात्र स्वतःच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत झाडांना जपतो. काकांच्या भाषेत, "सूनबाई, वाऱ्याला वाट द्यायची, अडवायचा नाही."

मान्य. नेट माझी चूक. तारेला तरीही माफी नाही. नेटने ढकललं, सुटली ती तारच ना!

आता खरी गंमत. पडल्या दिवशी वासरं आवरायला म्हणून आमच्या गड्याने जाळी उचलून माळ्यावरच्या काथ्याने पोलांना करकचून बांधली. तात्पुरती. नेटऐवजी माडाची झापं अडकवली, तीही काथ्यानेच, मध्ये फटी ठेवून. गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगा झाला. आज मे महिना, काथ्या तसाच आहे! खाऱ्या पाण्याचं त्याला काही नाही, आमच्याकडे पूर्वी होड्यांना हाच लागायचा. उन्हाने थोडा पिंजतो एवढंच. झापं दोनदा उडाली, दोन्ही वेळा जाळीला धक्का नाही. नवी विणायला खर्च शून्य.

झापांच्या आत गिरिपुष्पाच्या काठ्या गेल्या पावसात खोचल्या होत्या, बऱ्याच फुटल्यात. समुद्राच्या तोंडावरच्या चार मात्र खाऱ्या फवाऱ्याने करपल्या, तिथे यंदा उंडी लावणार. तिला तो वारा मानवतो, वाढायला वेळ घेते पण.

कोणी विचारलंच तर: जाळी चांगली, पोल चांगले, परत घेईन. ठेकेदार नाही. काम चालू असताना समोर खुर्ची टाकून बसा आणि गाठ मारायची तार हातात घेऊन बघा. काळी असेल तर परत पाठवा. माझ्याकडे जस्ताच्या तारेचं तीन किलोचं वेटोळं आणून ठेवलंय, मृगाआधी सगळ्या गाठी बदलायच्या आहेत. काल बसले होते, पण पक्कडच गंजून मिटलीय. रॉकेलात बुडवून ठेवलीय.