८६,६४० रुपयांचं ‘कन्फर्म’ तिकीट

८६,६४० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव त्यात अडकायला नको. सहलीच्या बुकिंगच्या नावाखाली एका टूरवाल्यानं फसवलं, चार हप्त्यांत गेले. १६ फेब्रुवारीला ४६,२००, २१ फेब्रुवारीला ९,२४०, २ मार्चला ११,२०० आणि २४ मार्चला २०,०००. सगळे यूपीआयनं, माझ्याच फोनवरून, आणि चारही वेळा पिन मीच टाकला. मी कोण, तर रोज दुसऱ्यांची जीएसटीची बिलं तपासून पोट भरणारी बाई. हसा खुशाल.

असले प्रकार कसे चालतात हे नव्यानं सांगायला नको. आधी स्वस्त दर, मग ‘आजच्या दिवसापुरती ऑफर’, मग निम्मे आगाऊ आणि त्यानंतर एकेक फाटा. आम्हालाही ते माहीत होतं, तरी फसलो. कारण समोरच्यानं दुखरी नस बरोबर पकडली होती. घरात एक दहावी दिलेला आणि एक आठवीतली. एकाला नुसतं जंगल नको, दुसरीला नुसतं शहर नको, आणि देवदर्शनाचं नाव काढलं की दोघंही मोबाईलमध्ये तोंड घालणार. त्यात अकरावीचे क्लास लवकर सुरू होणार, म्हणजे हातात मे महिन्यातला एकच आठवडा. जाहिरातीत नेमकं हेच होतं: ‘टीनएजर्स असलेल्या कुटुंबांसाठी, सिटी प्लस नेचर.’ दोन दिवस बेंगळुरू, एक दिवस म्हैसूर, मग वायनाड. ७ रात्री, ८ दिवस. चौघांचे ९२,४००.

कोल्हापुरात ऑफिस होतं, आम्ही प्रत्यक्ष जाऊन आलो. जिना चढून वर गेलं की काचेचा दरवाजा, भिंतीवर नकाशा, टेबलावर चहा. माणूस बोलायला गोड, आणि दोन गोष्टी अशा बोलला की माझा विश्वासच बसला. म्हणाला, “ताई, बारा वर्षांच्या वरच्या मुलांना हॉटेलवाले मोठ्यांत धरतात. एका खोलीत दोन जादा गाद्या टाकून तुमचं भागणार नाही, मी तुम्हाला आत दरवाजा असलेल्या जोडखोल्या देतो.” दुसरं, रेल्वेत बारा पूर्ण झाले की पूर्ण तिकीट, त्यामुळे त्याचा हिशोब चारही पूर्ण तिकिटांचाच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खऱ्या दोन सांगितल्या की खोट्या वीस पचतात. हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

आता जिथं मला कळायलाच हवं होतं ते सांगते. दिवसातून चार वेळा तरी तेच डोळ्यांपुढे येतं.

१८ फेब्रुवारीला त्यानं व्हॉट्सॲपवर तिकिटाची पीडीएफ पाठवली. ९ मे, शनिवार, मिरजेहून बेंगळुरू, राणी चन्नम्मा एक्सप्रेस, थर्ड एसी, चारही जागा कन्फर्म. मी ती घरच्या ग्रुपवर टाकली, अंगठे आले. ८० दिवस आधी! रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलंय. ९ मेच्या गाडीचं बुकिंग १० मार्चच्या आधी उघडतच नाही. मग १८ फेब्रुवारीला कन्फर्म तिकीट आलं कुठून? बोटांवर मोजण्याइतकं सोपं गणित. केलं नाही.

तेही जाऊ दे. त्याच पीडीएफमध्ये बी-२ डब्यातले बर्थ होते १७, २०, २३ आणि २४, आणि २४ पुढे लिहिलेलं ‘लोअर’. थर्ड एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. आठानं निःशेष भाग जाणारा प्रत्येक नंबर, म्हणजे ८, १६, २४, ३२, साईड अपर. २४ लोअर असू शकत नाही. ज्यानं ते तिकीट बनवलं त्यानं जुन्या तिकिटावर नुसते आकडे बदलले होते. दहा आकडी पीएनआर रेल्वेच्या चौकशीच्या १३९ नंबरावर टाकायला अर्धं मिनिट लागतं. मी तो टाकला ११ एप्रिलला.

आता कार्यक्रमपत्रिका. गुळगुळीत कागद, वर हत्तीचा फोटो. १२ मेच्या ओळी अशा: ‘सकाळी म्हैसूर प्राणीसंग्रहालय. सायंकाळी राजवाड्याची रोषणाई. रात्री ८ वाजता बंदीपूरमार्गे वायनाड प्रस्थान, मुक्काम सुलतान बत्तेरी.’ तीन ओळी, तीन थापा. १२ मेला मंगळवार, आणि म्हैसूरचं प्राणीसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. राजवाड्याची पूर्ण रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीला. आणि बंदीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद आहे, मोजक्या एसटी आणि रुग्णवाहिका सोडल्या तर. म्हैसूरहून आठला निघालात तर गुंडलुपेट गाठेपर्यंतच नऊ वाजतात, पुढे नाक्यावर फाटक पडलेलं. रात्री जायचंच असेल तर हुणसूर, गोणीकोप्पल, कुट्टा असा वळसा घ्यावा लागतो. तो रस्ता एकदा जरी केलेला माणूस ही ओळ लिहिणार नाही. म्हणजे त्यानं हा दौरा कधी नेलेलाच नव्हता. तुमच्या हातात अशी पत्रिका आली तर आधी वार लावून बघा. कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद, आणि डोंगरातला प्रवास अंधारात दाखवलाय का. दहा मिनिटांत माणूस उघडा पडतो.

पैशांचे फाटे. २१ फेब्रुवारीचे ९,२४० म्हणजे पाच टक्के जीएसटी ४,६२० आणि पाच टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाईकाकडून आधीच घ्यायचा आयकर, ४,६२०. जीएसटीचं एक वेळ समजू शकते, टूर पॅकेजवर पाच टक्के लागतोच. पण पॅकेजवरचा टीसीएस फक्त परदेश दौऱ्यांना असतो. वायनाड परदेशात कधी गेलं? हे माझ्या रोजच्या कामातलं आहे! समोर एखाद्या गिऱ्हाईकाचं बिल असतं तर लाल पेनानं गोल केला असता. स्वतःचं होतं, पोरं खूश होती, सही करून मोकळी झाले.

त्याच पावतीवर नाव होतं ‘प्रायव्हेट लिमिटेड’. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, ते बरोबर होते. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे या नंबरातलं सहावं, सांगतं की धनी कोण. कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. पावतीवर कंपनी आणि नंबरात पी. नंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला तर निघाला दुसऱ्याच जिल्ह्यातला सिमेंट-पाईपवाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की त्याच्या नंबरावर लोक वायनाडला निघालेत. बघायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. पावती आल्याआल्या बघा, पैसे गेल्यावर नव्हे.

यूपीआयचं तर काय सांगू. पिन टाकायच्या आधी फोन बँकेतलं खरं नाव दाखवतो. कंपनीचं नाव नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, “मॅडम आमच्या पार्टनर आहेत, कंपनीच्या खात्याची लिमिट संपलीय आज.” दुसऱ्या हप्त्याला तिसरंच नाव. तेव्हाही लिमिट संपलेली. थोरल्यानं विचारलं होतं, “आई, दर वेळी नाव वेगळं कसं?” त्याला म्हटलं, तू तुझ्या अकरावीचं बघ.

२ मार्चचे ११,२०० वायनाडमधल्या मुथंगा अभयारण्यातल्या जीप सफारीचे, माणशी २,८००, ‘परमिट आधी काढावं लागतं, मे फुल्ल होतो.’ मुथंगात सफारी चालू असते तेव्हा तिकीट वनखात्याच्या गेटवरच्या खिडकीवर, सकाळी आणि दुपारी, मोजक्याच जीपांना. लवकर उठून रांगेत उभं राहायचं, एवढाच त्याचा मार्ग. दोन महिने आधी परमिटाच्या नावानं पैसे मागणारा थेट खोटं बोलतोय. आणि २४ मार्चचे २०,००० ‘हॉटेल लॉक’. व्हाऊचरवर हॉटेलचा म्हणून जो मोबाईल नंबर होता तो उचलणारा त्यांचाच माणूस, मला ‘बुकिंग आहे मॅडम’ म्हणाला. हॉटेलला फोन करायचा तर व्हाऊचरवरच्या नंबरावर करू नका. हॉटेलच्या स्वतःच्या पानावरचा शोधा, आणि ‘माझ्या नावानं, अमुक तारखेला, किती खोल्या, किती पैसे जमा’ असं चारही विचारा. नुसतं ‘बुकिंग आहे का’ विचारलं तर कुणीही हो म्हणेल. नकाशावर दिसणारे नंबरही लोक बदलून ठेवतात, दोन ठिकाणी पडताळा. ११ एप्रिलला मी हे केलं तेव्हा हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलानं माझं नाव तीनदा विचारलं आणि मग हळूच म्हणाला, “मॅडम, या महिन्यात तुम्ही चौथ्या.”

ऑफिसला कुलूप. दारावर ‘भाड्याने देणे आहे’.

आता पुढचं वाचा, कारण पैसे जाण्यापेक्षा हे जास्त झोंबलंय. ११ तारखेलाच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पण हा नंबर पहिल्या काही तासांचा. पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत गोठवता येतात, महिन्यानं काय गोठवणार? नंतर कळलं, शेवटच्या खात्यात ३१२ रुपये होते. मग पोलीस ठाणं. तिथं विचारलं, “ऑफिसात जाऊन व्यवहार ठरवला ना? मग हे सायबर नव्हे, पण पैसे ऑनलाईन गेलेत, तेव्हा आमचंही नव्हे.” दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडे म्हणाले, “ऑफिस आपल्या शहरात आहे, पहिल्या ठिकाणीच जा.” परत पहिलीकडे. आता तिथं दुसरा माणूस. तो म्हणाला, ही दिवाणी बाब आहे, पार्टीनं सेवा दिली नाही, वकील गाठा. खोटा पीएनआर, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, बनावट व्हाऊचर, आणि बाब दिवाणी! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, जुन्या ४२० च्या जागी आलेलं, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “तुम्ही वकील आहात का?” स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, दोन संच, पानापानावर सही. आणल्या. आता हे सीडीत द्या. लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरले तेव्हा कोरी सीडी मिळाली. ती दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं नाही म्हणून परत. पहिल्याच दिवशी हे सांगायला काय जात होतं? सात हेलपाटे, सात अर्धी रजा. आणि दर वेळी कुणीतरी मान हलवून म्हणणार, “एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि असं कसं?” बँकेत तर एका वाक्यात निकाल: पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. लेखी द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेले.

तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी काहीच सांगू नका. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का घेऊनच खुर्ची सोडा. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. मी स्पीड पोस्टनं पाठवली, नंतर एकदाचा गुन्हा नोंदवला गेला. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक आयोगाचा रस्ता मला कुणीच सांगितला नाही, मीच शोधला. आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून आधी विचारून घ्या. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका, रागाच्या भरात समोरच्याला ब्लॉकही करू नका. मी केलं, आणि त्याचा डीपी, त्यातलं नाव, सगळं हातचं गेलं.

मे संपला, पोरं पन्हाळ्यावर एक दिवस जाऊन आली.

गेल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. दिवाळी स्पेशल, जयपूर आणि रणथंबोर, ‘टीनएजर्स असलेल्या कुटुंबांसाठी’. नाव नवीन, ऑफिसच्या फोटोत तोच काचेचा दरवाजा, तोच भिंतीवरचा नकाशा. ५० टक्के आगाऊ. स्क्रीनशॉट काढला, प्रिंट काढल्या, दोन संच, पानापानावर सही केली आणि ठाण्यात नेऊन दिल्या. हवालदारानं उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, “पण यात तुमचं काय नुकसान झालंय?”