जादुई डिटेक्टिव्ह किट: घ्यावा का? (दिवेआगरला नेऊन वापरलेला रिव्ह्यू)

मे महिन्यात दिवेआगरला जायचं ठरलं तेव्हा नाशिकहून सात-आठ तासांचा प्रवास, गाडीत पोरं भांडणार हे नक्की होतं, म्हणून मेन रोडवरच्या एका दुकानातून हा बॉक्स घेतला, साडेसातशेला. आत भिंग, ठशांची पावडर, ब्रश, अदृश्य शाईचं पेन, निळा टॉर्च आणि एक गोष्टीचं पुस्तक.

आधी पुस्तकाचं सांगते. एक जादू येणारी मुलगी घरच्यांबरोबर समुद्रावर सुट्टीला जाते आणि तिथे हार चोरीला जातो. सुरुवात भारी आहे, कसाऱ्याच्या घाटापर्यंत दोघं एकदम गप्प. पण शेवटी ती मुलगी कांडी फिरवते आणि चोर आपोआप समोर येतो! आमची मोठी, वय दहा, जाम चिडली. म्हणाली आई ही चीटिंग आहे, मग आधीची वीस पानं पुरावे कशाला गोळा केले हिने. बरोबरच आहे की तिचं. शिवाय पुस्तक फक्त इंग्लिश आणि हिंदीत, मराठी नाही, धाकट्याला सगळं मलाच वाचून दाखवायला लागलं.

पावडर अगदीच बेकार. समुद्रकाठच्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी तिचे गोळे झाले. भिंगावर वाळूचे ओरखडे पडले. बॅटऱ्या बॉक्समध्ये येत नाहीत आणि टॉर्चचं झाकण उघडायला बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो, हे घरूनच करून निघा, तिकडे बटण सेल शोधत फिरावं लागतं.

आता खरी केस. सकाळी सातला पोरांनी चपला वाळूत एका जागी काढल्या, तासाभराने आलो तर जशाच्या तशा. संध्याकाळी साडेचारला त्याच जागी काढल्या आणि पाण्यातून येऊन बघतो तर धाकट्याची एक चप्पल गायब. मग काय, भिंग काढून तपास सुरू, कुत्र्यावर संशय, शेंगदाणेवाल्यावर संशय, माझ्यावर पण. शेवटी मोठीला दिसलं की चप्पल होती तिथली वाळू ओली आहे आणि तिच्याही वर शिंपल्या-कचऱ्याची ओळ आहे. आम्ही उतरलो होतो तिथले काका हसायला लागले, म्हणाले सकाळी ओहोटी होती गं बाळा, पाणी मागे जात होतं, आता भरती आहे, उद्या भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येईल बघ. दुसऱ्या दिवशी दोघं घड्याळ घेऊन बसली. आदल्या दिवशी साडेपाचला जिथे पाणी आलं होतं तिथे सव्वासहाच्या पुढे पोचलं. इतका आनंद कांडीने झाला नसता. चप्पल काही सापडली नाही, ते सोडा.

पैसे वसूल झाले ते टॉर्चमुळे. तो अल्ट्राव्हायलेट आहे, अंधारात ह्यांचा पांढरा बनियन असा निळा पेटला की पोरं किंचाळली, कपडे धुवायच्या पावडरीत चमक आणणारं केमिकल असतं ना त्याने. मग माझे सासरे पुढे आले. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत, 1928 पासूनची प्रेस आहे ती, तिच्याबद्दल बोलायचं म्हटलं की त्यांना जेवण पण आठवत नाही. खिशातून पाचशेची नोट काढली, टॉर्च मारला आणि दाखवलं, नंबर चमकतोय, मध्येमध्ये बारीक धागे चमकतायत पण कागद मात्र मंदच, कारण त्यात ते चमक आणणारं केमिकल नसतं. शेजारी वहीचं पान धरलं तर ते आख्खं निळं. जादू-बिदू काही नाही रे, शाई आहे ती, असं म्हणाले खरे पण चेहरा जादूगाराचाच होता. त्या रात्री समुद्रावर जायचं राहूनच गेलं. टॉर्च डोळ्यांत मारू देऊ नका मात्र, लहान पोरं असतील तर स्वतः जवळ बसा.

पेन तीन दिवसांत वाळलं, टोपण उघडं राहिलं होतं. परत आल्यावर दुकानात विचारलं तर म्हणे पेन वेगळं मिळत नाही, नवीन बॉक्स घ्या. वा!

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन टॉर्चचे. नुसता टॉर्च मिळत असेल तर तोच घ्या. आता आमच्याकडे दूधवाल्याने पाचशेचे सुट्टे मागितले की आधी धाकटा आतून टॉर्च घेऊन येतो, नोट तपासतो आणि मगच आजोबांकडे देतो.