कोर्लई किल्ला आणि रेवदंडा: जाताजाता उरकायची जागा नाही

अलिबागवरून मुरुडला जाणारी निम्मी पब्लिक कोर्लईच्या दीपस्तंभापाशी चार सेल्फी काढते आणि कल्टी मारते, किल्ला बघतच नाही. अहो, दीपस्तंभाच्या मागनंच पायऱ्या आहेत, चढ काही फार नाही, फक्त दुपारी जाऊ नका, वर सावलीच्या नावाने बोंब आहे.

किल्ला म्हणजे मगरीच्या पाठीसारखा लांबच लांब चिंचोळा डोंगर, एकीकडे समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी, आणि दरवाजामागून दरवाजे. पोर्तुगीजांनी हा १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला, मग १७४० ला मराठ्यांकडे आला. वरच्या चर्चचं छप्पर कधीच गेलंय, भिंती तेवढ्या उभ्या, जवळच पाण्याचं टाकं. पोर्तुगीज शिलालेखावरची अक्षरं बोट फिरवलं तर अजून हाताला लागतात, आणि त्याच्याच शेजारी कुणा दिवट्याने खिळ्याने बदाम कोरून आपलं आणि हिचं नाव टाकलंय! असल्यांना खालच्या क्रुसाच्या बातेरीपर्यंत (बातेरी म्हणजे तोफा ठेवायची जागा) दहा वेळा चढउतार करायला लावली पाहिजे. माहितीचे बोर्ड मात्र यथातथाच, त्यामुळे वाचून जा.

खाली गावात वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, वास येणारच, नाक मुरडायचं असेल तर कोकणात येता कशाला. इथल्या ख्रिश्चन आळीत अजूनही घरात पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली बोलतात, पण म्हणून कुणाच्या ओट्यावर कॅमेरा घेऊन घुसू नका, नीट विचारलंत तर माणसं गप्पिष्ट आहेत.

साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा. हा किल्ला पटकन दिसतच नाही कारण आत सगळ्या नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यात मधेच चर्च नि मठांचे पडके अवशेष. सातखणी बुरुज बघाच, सातातले वरचे मजले पडलेत तरी मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. मला विचाराल तर कोर्लईपेक्षा इथे जास्त वेळ द्या.

जेवण एका घरगुती खानावळीत केलं, नाव नाही घेत. सुरमई ताजी, तांदळाची भाकरी गरम, पण सोलकढी पाण्यासारखी पांचट आणि थाळीचा रेट पार मुंबईचा. आधी फोन करून भाव ठरवा.

एसटीने येणार असाल तर उतरतानाच कंडक्टरला परतीच्या गाडीचं विचारून ठेवा, संध्याकाळी रिक्षावाले तोंडाला येईल ते सांगतात.