घोट्याचं मॉडेल, आप्पांची कानस आणि चामड्याची वादी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, दोन खोल्यांचा. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की सोमवारी सकाळी बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा एक घोटा सुजलेला असतो. रविवारी शाहू स्टेडियमवर सामना झालेला असतो आणि रात्रभर हळद-तेल चोळून, एखाद्या ओळखीच्याकडून पाय ओढून घेऊन मुलं माझ्याकडे आलेली असतात. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, ओढू नका, हे सांगून माझा घसा बसतो. बाकीचं मी कागदावर चित्र काढून समजवायचे. समोरचा मान हलवायचा आणि आठव्या दिवशी बूट बांधून पुन्हा मैदानात.

म्हणून जानेवारीत घोटा आणि पावलाच्या सांध्यांचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. खऱ्या मापाचं, पीव्हीसीचं, डावा पाय, हाडं एकमेकांना बांधणाऱ्या लिगामेंटच्या जागी रबरी पट्ट्या, खाली लाकडी बैठक. किंमत 2,850 रुपये. चार महिने रोज हाताळल्यावर हे लिहिते आहे, कारण घेण्याआधी मला कुणाचं तरी असं लिहिलेलं वाचायला हवं होतं.

आधी चांगलं सांगते. हाडं नीट घडवली आहेत. पावलात 26 हाडं असतात, ती सगळी आहेत आणि वर नडगीचं हाड व त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, यांची खालची टोकं. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर खाली उतरतो आणि थोडा मागेही असतो. स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही घोटे एका रेषेत ठोकलेले असतात, इथे तसं नाही. हा फरक दिसायलाच हवा, कारण पाय बहुतेक वेळा आतच का मुरगळतो याचं निम्मं उत्तर त्यात आहे. बाहेर वळू पाहणाऱ्या पावलाला फिब्युलाचं लांब टोक आडवं येतं. आतल्या बाजूला हाड आखूड, त्यामुळे तिकडे वळायला वाट मोकळी.

मॉडेलची खरी परीक्षा मात्र माझ्या वडिलांनी घेतली. आप्पांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं. खोकं उघडल्यावर त्यांनी रबरं सोडवली, टॅलस हे मधलं हाड काढून तळहातावर घेतलं आणि बराच वेळ अंगठ्यानं चाचपत बसले. मग नडगी आणि फिब्युलाच्या खाचेत ते घालून पुढे-मागे फिरवलं.

"ह्यो कुसवाचा सांधा हाय की गं," ते म्हणाले. "पन कुसू सरळ न्हाई. फुडं रुंद हाय, मागं निमुळतं. पाय वर केला की गच्च बसतंय, खाली केला की खेळतंय बघ."

लाकडाचं टोक भोकात बसवून केलेल्या जोडाला सुतार कुसवाचा सांधा म्हणतात. कॉलेजात हीच गोष्ट मी परीक्षेसाठी पाठ केली होती. आप्पांनी ती बोटांनी ओळखली. मग पटाशीच्या पेटीतून कॅलिपर काढून मोजलं: या मॉडेलच्या टॅलसच्या वरच्या पृष्ठभागाची रुंदी पुढे 31 मिलिमीटर, मागे 27. खऱ्या हाडातही पुढची बाजू काही मिलिमीटर रुंद असते. पावलाचा पुढचा भाग वर उचलला की तो रुंद भाग खाचेत येतो, फिब्युला किंचित बाजूला सरकते आणि सांधा घट्ट होतो. चवड्यावर उभं राहिलं की मागचा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांध्यात खेळ राहतो. हेडिंगला उडी मारलेला खेळाडू खाली येतो तेव्हा आधी बोटं टेकतात, म्हणजे घोटा सगळ्यात सैल असतानाच. त्या क्षणी पावलाखाली दुसऱ्याचा बूट आला, की झालं.

हे आता मी प्रत्येकाला हातात देऊन करायला लावते. शब्दांनी जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते इथे अर्ध्या मिनिटात होतं. या एका गोष्टीसाठी मला पैसे वसूल वाटतात.

आता दोष. पहिला दोष रबराचा, आणि तो मला फार खटकला. बाहेरच्या घोट्यापासून तीन लिगामेंट निघतात: एक पुढे टॅलसला, एक खाली टाचेच्या हाडाला, एक मागे पुन्हा टॅलसला. पुढचं तिघांत सर्वांत कमकुवत, आणि पाय मुरगळल्यावर बहुधा तेच आधी फाटतं. आतल्या बाजूला पंख्यासारखं पसरलेलं डेल्टॉइड लिगामेंट चांगलंच जाड आणि दणकट असतं. या मॉडेलमध्ये सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या. सोबत आलेल्या कागदावर बाहेरच्या दोन लिगामेंटची नावं एकमेकांच्या जागी छापलेली. विक्रेत्याला तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे रबर ताणलं की परत येतं. एका कॉलेजच्या मुलीनं, ती मुलींच्या संघात मधल्या फळीत खेळते, मॉडेलचं पाऊल आत वळवलं, सोडलं, ते आपोआप सरळ झालं. ती लगेच म्हणाली, "बघा की मॅडम, जाग्यावर आलं. रविवारी खेळतो मी." तिची काही चूक नव्हती. मॉडेलनंच तिला ते शिकवलं. लिगामेंट रबरासारखं वागत नाही. ते थोडंच ताणतं, पुढे त्याचे धागे तुटतात, आणि भरून आलं तरी काळजी न घेतल्यास लांबलेलंच राहू शकतं. मग तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

त्या रात्री मी पुढचं रबर कापून टाकलं. सुभाषनगरात चपला शिवणारे एक काका माझे जुने पेशंट आहेत. त्यांच्याकडून शिवणीची बारीक चामड्याची वादी आणली. चामडं म्हणजे कोलॅजेन, शरीरातलं चिवट धाग्यांचं प्रथिन, आणि लिगामेंटही मुख्यतः कोलॅजेनचंच. वादी टॅलसपासून फिब्युलापर्यंत ओढून गाठ मारली. कोरडी असताना पाऊल जागचं हलेना. मग ती भिजवली आणि पाऊल जोरानं आत दाबलं. वादी लांबली, आणि तशीच राहिली. आता पाऊल सोडलं तरी टॅलस पुढे सरकतं, डुगडुगतं. दुसऱ्या दिवशी मी ती मुलगी आणि तिची आई दोघींना बोलावून हे दाखवलं. आईनं ती सैल वादी बोटानं उचलून पाहिली आणि विचारलं, "आता ही घट्ट कशी व्हायची?"

सूज आठ-दहा दिवसांत उतरते, पण धाग्यांची नवी वीण घट्ट व्हायला आठवडे जातात, कधी महिने. तोवर सांधा सांभाळायचं काम बाहेरच्या घोट्याच्या मागून उतरणाऱ्या पेरोनियल स्नायूंनी करायचं असतं. शिवाय लिगामेंटमध्ये पाऊल कुठे, कसं टेकलंय याची खबर मेंदूला देणाऱ्या नसांची टोकं असतात, दुखापतीत तीही बिघडतात. म्हणून एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून उभं राहायचं. हा व्यायाम मुलांना पोरखेळ वाटतो. वादी पाहिल्यावर वाटेनासा झाला. ती मुलगी सहा आठवडे रोज आली.

दुसरा दोष: टॅलस आणि टाचेचं हाड एका स्क्रूनं जाम केलेले. म्हणजे जोर न लावता मॉडेल फक्त वर-खाली होतं. पावलाचं आत-बाहेर वळणं मुख्यतः त्या दोघांच्या मधल्या सबटेलर सांध्यात होतं. उसाच्या सरीतून चालताना, जोतिबाच्या पायऱ्या उतरताना जमीन तिरकी असते आणि नडगी सरळ राहते, ती या सांध्यामुळे. तोच गोठवलेला असेल तर मुरगळणं दाखवणार कसं? आप्पांनी स्क्रू काढला, मधली फट कानशीनं किंचित मोकळी केली आणि त्याच भोकातून दुहेरी सुतळी ओवून दोन्ही हाडं बांधली. खऱ्या पायातही या दोन हाडांमध्ये असंच एक आखूड, घट्ट लिगामेंट असतं. आता मॉडेल खऱ्यासारखं वळतं. हे काम घरी करता येणार नसेल तर हे मॉडेल घेऊ नका, सबटेलर सांधा मोकळा असलेलं शोधा, चार पैसे जास्त गेले तरी.

पावलाच्या पुढच्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाचं मूळ शेजारच्या हाडांपेक्षा मागे, पावलाच्या मध्यावरच्या तीन पाचरीसारख्या क्यूनिफॉर्म हाडांच्या खोबणीत शिरलेलं असतं. कमानीतल्या मधल्या दगडासारखं ते लिस्फ्रँक सांध्यांची, म्हणजे पावलाच्या मधल्या आणि पुढच्या हाडांमधल्या सांध्यांची, ओळ धरून ठेवतं. हे बरोबर दाखवलंय. पण बोटं अखंड ओतलेली आहेत. अंगठा वर वळत नाही, त्याच्या मुळाखालची दोन वाटाण्याएवढी सेसामॉइड हाडंही नाहीत. अंगठा वर वळला की तळव्याचा जाड पडदा ताणला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते, हे 1954 साली हिक्स या संशोधकांनी मांडलं. टाचदुखीच्या पेशंटना मला नेमकं तेच दाखवायचं असतं. त्यासाठी मी अजून स्वतःचाच पाय दाखवते.

एक उपयोग मात्र मी मुळात विचारात घेतला नव्हता. मॉडेलवर लाल टिकल्या चिकटवल्या आहेत: दोन्ही घोट्यांच्या टोकांवर आणि तिथून मागच्या कडेनं वर 6 सेंटीमीटरपर्यंत, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी आणि पावलाच्या आतल्या बाजूच्या नॅव्हिक्युलर हाडावर. कॅनडातल्या ओटावा शहरात 1992 मध्ये जे नियम तयार झाले, त्यांतल्या या जागा. पाय मुरगळल्यावर यांतल्या हाडावर दाबून दुखलं, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. तालमींच्या फुटबॉल संघांसोबत मैदानावर बसणारी दोन-तीन मुलं येऊन टिकल्या बघून गेली, मोबाइलवर फोटो काढून नेले. त्यांतल्या एकानं पुढच्याच महिन्यात करंगळीच्या मुळाशी दुखणाऱ्या खेळाडूला चोळू न देता थेट एक्स-रेला नेलं. हाड मोडलेलंच होतं.

पाचपैकी किती म्हणाल, तर आलं तसं अडीच, आप्पांच्या हातून गेल्यावर चार. फिजिओ, क्रीडाशिक्षक, संघ सांभाळणारे यांनी घ्यावं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी घेऊ नये, त्यांना स्नायूबंध आणि नसा दाखवणारं मोठं मॉडेलच लागेल. ऑर्डर देताना डावा की उजवा हे विचारून घ्या, पानावर कुठे लिहिलेलं नाही.

मला उजवाही हवा आहे, पण दुसरं मॉडेल मागवायला आप्पांनी नको म्हटलं. सागवानाचा एक तुकडा त्यांनी गेल्या आठवड्यापासून सावलीत ठेवलाय, कॅलिपरनं पुढची रुंदी 31 आखून घेतली आहे, मागची 27. उजवा करायचा तर बाक कुठल्या बाजूला घ्यायचा, एवढं विचारायला ते रोज संध्याकाळी दवाखान्यात येतात आणि माझा पाय मांडीवर घेऊन बघतात.