गवताचे रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे की आपली उडवीच बरी? कोकणातल्या गोठ्यासाठी तुलना

रोल गुंडाळायची मशीन भाड्याने बोलवू का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, गुंडाळणार काय? सुका पेंढा की हिरवट गवत? अख्खा निर्णय तिथेच आहे. प्लास्टिक चारा वाळवत नाही, आत जे जाईल ते कोंडून ठेवतं, ओल असेल तर ओलीसकट.

आधी सुका पेंढा. भात झोडून झाल्यावर पेंढा कडक उन्हात वाळला आणि ओल 15 टक्क्यांच्या आत आली, तर तो माळ्यावर किंवा उडवीत, म्हणजे रचलेल्या गंजीतसुद्धा नीट राहतो. प्लास्टिकने फक्त पावसाची झड अडते, चाऱ्याचा कस तेवढाच राहतो, पेंढ्यात प्रथिनं मुळात 3-4 टक्केच. वर आपली दमट हवा, दिवसा रोल तापतो, रात्री आतून घाम धरतो आणि प्लास्टिकला चिकटलेला थर काळा पडतो. त्यामुळे सुक्या पेंढ्यासाठी गुंडाळायच्या प्लास्टिकवर, म्हणजे फिल्मवर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. खाली दगड-लाकडाचा माच, मधे खांब, वरून नारळाच्या झावळ्यांची झापं किंवा ताडपत्री, आणि पावसाळ्यापुरता निम्मा माल गोठ्याच्या माळ्यावर, हे पुरतं. कस वाढवायचाच असेल तर युरिया प्रक्रिया करा: 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून 21 दिवस हवाबंद झाकायचं, उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून मगच घालायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही, आणि ते पाणी जनावरांच्या तोंडाला लागू द्यायचं नाही.

आता हिरवट गवत, आणि इथे मात्र गुंडाळलेला रोल खरोखर जिंकतो. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं गवत आपण पिवळं पडल्यावर कापतो, तोवर बी झडलेलं असतं आणि उरतात नुसत्या काड्या. तेच फुलोऱ्यात कापलं तर कस चांगला, पण तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर, पूर्ण वाळवायला सलग उन्हं मिळत नाहीत. गुंडाळायला पूर्ण वाळवावं लागतच नाही. सकाळी कापा, दिवसभर सुकवा, ओल 50-60 टक्क्यांवर आली की त्याच दिवशी घट्ट रोल करून गुंडाळा. हवा बंद झाली की ते मुरतं, त्याचा मुरघास म्हणजे सायलेज होतो, आंबूस गोड वास येतो, गुरं आवडीने खातात. सड्याच्या गवतात साखर कमी म्हणून थोडी साखर कारखान्याची पातळ मळी (मोलॅसिस) नाहीतर गुळाचं पाणी शिंपडलेलं बरं.

ओल कशी बघायची? कुट्टी केलेली असेल तर मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर फार ओलं, अजून सुकवा. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला आणि हात नुसता ओलसर झाला तर गुंडाळायला घ्या. लगेच विस्कटला तर गवत जास्त कोरडं झालंय, मुरघास नीट होणार नाही. सगळ्यात घातक ते अर्धवट वाळलेलं, 25-30 टक्के ओलीचं गवत, मुरायला कोरडं आणि टिकायला ओलं, आत बुरशी धरते आणि तसलं गाभण गाईला घालणं म्हणजे जीवाशी खेळ.

फिल्म सायलेजचीच हवी, उन्हात टिकणारी, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढवत किमान सहा थर. चार थरात भागतं असं सांगणारे भेटतात पण आपल्या उन्हात आणि कावळ्यांपुढे मी ती काटकसर करणार नाही. कावळ्याच्या चोचीचं भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं, आणि तिथून रोल उघडला की वीतभर आत पांढरी-करडी बुरशी. म्हणून जांभ्याच्या टोकेरी कातळावर थेट ठेवू नका, खाली वाळू किंवा जुनी ताडपत्री, वरून जाळी, आणि भोक दिसलं की सायलेजची टेप लगेच, साधी चिकटपट्टी उन्हात सुटते.

रोलचा आकार मशीन ठरवायच्या आधी ठरवा. तीन दुभत्या गाई रोज 15-15 किलो मुरघास खाणार असतील तर 60 किलोचा रोल साधारण सव्वा दिवसात संपतो. 500 किलोचा उघडलात तर अकरा दिवस पुरेल, पण आपल्या उष्म्यात तीन-चार दिवसांतच तो गरम व्हायला लागतो, उरलेला उकिरड्यावर. दहा-पंधरा गाई असतील तरच मोठा परवडतो. आणि एखाद-दुसरी कोकण कपिलासारखी लहान गाय असेल तर मशीनच्या नादाला लागूच नका.

मधला मार्ग म्हणजे मुरघासाची बॅग. कडबाकुट्टी असली की घरच्या माणसांत होतं, पायाने तुडवून भरायची, आणि बाहेरची पिशवी जपली तर पुन्हा वापरता येते. रोलची फिल्म मात्र एकदाच, ती जाळायची नाही, वाऱ्यावर सोडली तर थेट खाडीत नाहीतर गाईच्या पोटात. बॅगेत खोट एकच, कोपऱ्यात हवा राहते, तिथला चारा काढून टाकावा लागतो. मुरघासाचा मका करायला पाणी आहे आणि पाच-सहा गाई आहेत अशा घराला मी तरी बॅगच सांगेन. नेपिअर म्हणजे हत्तीगवत करणार असाल तर कापून आधी सुकवा, त्यात पाणी फार असतं.

घाटावरून तयार रोल आणणाऱ्यांनी किलोच्या भावावर जाऊ नये. 65 टक्के ओलीच्या 60 किलो रोलमध्ये सुका चारा 21 किलोच असतो, बाकी पाण्याचं भाडं तुम्ही घाटातून भरताय. गाडी खाली करायच्या आधी प्रत्येक रोल फिरवून बघा, आदळून फाटलेले तिथेच बाजूला काढा, आणि एखादा उघडून वास घ्या, कुबट आला तर माल परत.