पॅडेड शॉर्ट्स आणि सीटचे दुखणे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत, वयाच्या ४३ व्या वर्षी, मी सरळ हँडलची हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलींच्या मधल्या प्रकारची) सायकल घेतली. नोव्हेंबरअखेरपर्यंत तिच्यावर सुमारे २,६०० किलोमीटर झाले. आठवड्यातून तीन दिवस कोथरूड ते खडकवासला आणि परत, म्हणजे तीसेक किलोमीटर, आणि रविवारी पानशेतच्या रस्त्याने जमेल तितके पुढे किंवा कात्रजचा जुना घाट, असा क्रम जमेल त्या आठवड्यांत राहिला. या काळात मी तीन पॅडेड शॉर्ट्स, म्हणजे बैठकीच्या जागी आतून फोमचे पॅड शिवलेल्या सायकलच्या चड्ड्या, वापरल्या : पहिली ७०० रुपयांची, दुसरी २,२०० रुपयांची खास स्त्रियांसाठी बेतलेली, आणि तिसरी ३,६०० रुपयांची खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट. सायकल सुरू करणाऱ्या अनेकांचा उत्साह दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बुडाच्या दुखण्यापुढे मावळतो, हे मी आजूबाजूला पाहिले आहे. यातले बरेचसे दुखणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला माझी समजूत अशी होती की दुखते ते सीट कडक असल्यामुळे, आणि म्हणून जितके जाड आणि मऊ पॅड तितका आराम जास्त. ही समजूत जवळपास पूर्णपणे चुकीची निघाली. सायकलवर होणारे दुखणे एकाच जातीचे नसते. नवीन माणसाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बैठकीच्या दोन हाडांवर जो ठणका जाणवतो, तो त्या जागेला भाराची सवय नसल्यामुळे असतो आणि राइडमध्ये एखाददुसरा दिवस विश्रांती ठेवली तर तो आपोआप ओसरतो. जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटते ती घर्षण आणि घाम यांमुळे. आणि पुढच्या नाजूक भागात मुंग्या येणे किंवा बधिरपणा जाणवणे हे तिथल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडत असल्याचे लक्षण आहे. पहिल्या दुखण्यात पॅडचा थोडा उपयोग होतो आणि दुसऱ्यात पुष्कळ होतो. तिसऱ्यावर मात्र पॅड हा उपाय नव्हे. तिथे सीटच तपासावी लागते, आणि बधिरपणा अंगवळणी पडेल म्हणून तो सोसत राहणे धोक्याचे आहे.

पहिली शॉर्ट मी ऑनलाइन, केवळ छायाचित्र पाहून घेतली. तिचे पॅड बोटभर जाड होते, पण अंगठा आणि तर्जनीत धरून दाबले की दोन्ही बोटे एकमेकांना जवळजवळ टेकत. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे, असे आता माझे मत झाले आहे. बोटांच्या दाबाने जे पॅड पूर्ण चेपते, ते देहाच्या वजनाखाली काही किलोमीटरांतच सपाट होते आणि उरते ते फक्त घाम शोषून ठेवणारे ओले फडके. पॅडमध्ये जाडीपेक्षा फोमची घनता महत्त्वाची असते. चांगल्या शॉर्ट्सच्या वर्णनात ती बऱ्याचदा किलोग्रॅम प्रति घनमीटर अशी दिलेली असते. ८० ते १२० या दरम्यानचा आकडा हाडांखालच्या भागासाठी दिलेला असेल, तर ते पॅड लांबच्या राइडचा विचार करून केलेले आहे असे धरायला हरकत नाही. सगळीकडे सारख्याच जाडीचे पॅडही मला त्रासदायक वाटले, कारण हाडांखाली आधार हवा आणि मांडीकडे ते निमुळते होत जायला हवे. नाहीतर दर पेडलला कडेची घडी घासत राहते.

त्या शॉर्टच्या बाबतीत माझी स्वतःचीही एक चूक झाली. मी ती अंतर्वस्त्रावर घालत होते. आपल्याकडे आतून काही न घालण्याचा संकोच स्वाभाविक आहे आणि कोणी मोकळेपणाने सांगतही नाही, म्हणून स्पष्ट लिहिते : पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरे काहीही घालायचे नसते. अंतर्वस्त्राची शिवण आणि इलॅस्टिक नेमके जांघेत येते, सुती कापड घाम धरून ठेवते, आणि कातडी व पॅड यांच्यामध्ये घासणारा आणखी एक थर तयार होतो. एके काळी सायकलच्या शॉर्ट्समध्ये शिवणीवरून कमावलेले मऊ कातडे लावत असत. आजचे पॅड त्याचाच वारसा चालवते, आणि त्याचे मूळ काम गादी होण्याचे नसून कातडीला शिवणींपासून वाचवण्याचे आहे. हे लक्षात आल्यावर मी अंतर्वस्त्र घालणे सोडले आणि त्याच स्वस्त शॉर्टमध्येही सोलवटणे निम्म्याहून कमी झाले. मासिक पाळीच्या दिवसांत मात्र या नियमामुळे अडचण येते, कारण सॅनिटरी पॅड सायकलच्या पॅडवर सरकते आणि त्याच्या कडा टोचतात. मला मेन्स्ट्रुअल कपने हा प्रश्न सुटला. ज्यांना तो सोयीचा नाही त्यांनी त्या दिवसांत राइड लहान ठेवलेली बरी.

दुसरी शॉर्ट मी दुकानात जाऊन, घालून पाहून घेतली. स्त्रियांसाठीच्या पॅडमध्ये मागचा भाग रुंद असतो, कारण आपल्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सामान्यतः पुरुषांपेक्षा जास्त असते. पुढचा भाग आखूड असतो आणि मध्यभागी शिवण नसते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली, कारण पहिल्या शॉर्टमधली मधली शिवण तासाभरानंतर दोरीसारखी जाणवू लागे. मापाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. ही शॉर्ट उभे राहिल्यावर किंचित घट्ट आणि थोडी विचित्रच वाटते. पुढे वाकून हँडल धरल्यासारखी बैठक घेतली, की ती बरोबर बसते. दुकानात मी आधी नेहमीच्या सवयीने एक माप मोठे उचलले होते. ते घालून पाहिले तेव्हा पॅड अंगापासून सुटत होते आणि हालचालीबरोबर सरकत होते, आणि सरकणारे पॅड हे पॅड नसण्यापेक्षा वाईट असते. अंगाला चिकटलेल्या कपड्यात रस्त्यावर वावरायचा संकोच मलाही होता. वरून गुडघ्यापर्यंतची सैल, हलक्या कापडाची शॉर्ट घालून मी तो सोडवला. तिचा काही त्रास होत नाही, फक्त तिचे टोक सीटच्या नाकात, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकात, अडकणार नाही इतकी ती बेताची असावी.

तरीही एप्रिलपर्यंत माझे दुखणे पूर्ण थांबले नव्हते, आणि याचे कारण शॉर्टमध्ये नव्हते. सायकलबरोबर आलेली सीट १४३ मिलिमीटर रुंद होती आणि तिच्यावर मी आणखी एक जेलचे कव्हर चढवले होते. बसताना ते अगदी सुखद लागे, पण त्या मऊ थरात हाडे रुतत आणि मधला भाग वर येऊन नेमका जिथे दाब नको तिथेच दाब देई. अर्ध्या तासाच्या राइडला हे जाणवत नाही, दीड तासाला जाणवते. मग मी घरीच माप घेतले. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवून त्यावर पाय थोडे उचलून बसले, आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजले. ते १२८ मिलिमीटर भरले. सीटची रुंदी त्याहून साधारण दोन ते तीन सेंटिमीटर जास्त असावी लागते, आणि जितके सरळ बसून सायकल चालवायची तितकी ती अधिक रुंद हवी, कारण सरळ बसल्यावर जवळजवळ सगळा भार त्या दोन हाडांवरच येतो. खाली वळलेल्या हँडलच्या रोड सायकलवर कंबर पुढे झुकते आणि भार हाडांच्या पुढच्या, अरुंद भागावर जातो, म्हणून त्या सीट अरुंद असतात. मी १५५ मिलिमीटरची, मध्ये खाच असलेली आणि स्पर्शाला चांगलीच कडक अशी सीट बसवून घेतली. बधिरपणा त्याच आठवड्यात गेला.

सीटची उंची आणि कल यांवरही तेवढाच वेळ द्यायला हवा होता, आणि तो मी उशिरा दिला. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली आणले असता पाय सरळ व्हावा, म्हणजे मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा वाक उरतो, ही साधी पद्धत सुरुवातीला पुरेशी आहे. सीट फार उंच असेल तर खालच्या पेडलपर्यंत पोहोचण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलते, आणि त्या डोलण्याने जांघा सोलवटतात, मग शॉर्ट कितीही महाग असो. फार खाली असेल तर पायांवर भार येत नाही आणि सगळे वजन सीटवर टेकते. माझी सीट दीड सेंटिमीटर उंच निघाली. शिवाय तिचे नाक किंचित वर होते. गवंड्याची पाणसळ ठेवून मी ती सपाट केली, आणि नंतर केसभर पुढे झुकवली. फार झुकवली तर अंग पुढे घसरते आणि मनगटे दुखू लागतात, तेव्हा ॲलन की (षटकोनी पाना) हातात घेऊन थोडे थोडे बदलावे आणि प्रत्येक बदलानंतर दोन राइड जाऊ द्याव्यात.

बिब शॉर्ट मी जूनमध्ये घेतली. कमरेला इलॅस्टिक नसल्याने पोटावर दाब येत नाही, आणि खांद्याच्या पट्ट्यांमुळे पॅड दिवसभर जागच्या जागी राहते. पन्नास किलोमीटरच्या पुढे हा फरक निःसंशय जाणवतो. पण स्त्रियांच्या दृष्टीने तिची मोठी गैरसोय म्हणजे लघवीला जाताना वरचा टीशर्ट काढून पट्टे उतरवावे लागतात, आणि पानशेतच्या रस्त्यावर तशी आडोशाची, स्वच्छ जागा मिळणे सोपे नाही. मागे सुटणाऱ्या पट्ट्यांच्या बिब मिळतात, मात्र माझी तशी नाही. त्यामुळे मी ती फक्त मोठ्या राइडला वापरते, आणि रोजच्यासाठी साधी कमरेची शॉर्टच अधिक योग्य मानते.

पावसाळ्याचा अनुभव मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण शॉर्ट्सबद्दलची बहुतेक माहिती कोरड्या हवेच्या देशांतून आलेली असते. जुलैमध्ये घनदाट पॅड घरात, पंख्याखाली, पूर्ण वाळायला दीड दिवस लागे. वरचे कापड तासा-दोन तासांत कोरडे होते आणि आपण फसतो, पॅडच्या पोटात ओल तशीच असते. अशी एक अर्धओली शॉर्ट घालून मी पावसात दोन तास चालवली, परतल्यावर त्याच कपड्यांत चहा घेतला, आणि तिसऱ्या दिवशी मांडीच्या वरच्या टोकाला केसतूड झाले. आधी साधी पुटकुळी वाटली, म्हणून मी दुर्लक्ष करून आणखी एक राइड केली, आणि ती सुपारीएवढी झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी ते न दाबण्याचा, गरम पाण्याच्या शेकाचा आणि सायकल बंद ठेवण्याचा सल्ला दिला. बरे व्हायला आठ दिवस गेले. घर्षणाने केसांच्या मुळाशी कातडी दुखावते आणि उबदार ओलीत जंतूंना तिथे आयते घर मिळते, इतके हे साधे आहे. त्या भागातले केस वस्तऱ्याने काढल्यास वाढताना ही तक्रार बळावते, तेव्हा ते टाळावे. तेव्हापासून घरी आल्यावर पहिले काम शॉर्ट उतरवून आंघोळ करण्याचे, असा नियम मी पाळते, आणि पावसाळ्यात दोन जोड्यांशिवाय भागत नाही असे ठामपणे सांगते. एकच महाग जोडी घेण्यापेक्षा मध्यम किमतीच्या दोन घ्याव्यात.

धुण्याची पद्धत अवघड नाही. उलटी करून, थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि पॅडची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावी. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर अजिबात वापरू नये, कारण त्याचा थर बसून कापडाची घाम बाहेर टाकण्याची क्षमता जाते. पिळताना पॅड मुरगळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे. मलमाबद्दल बोलायचे तर, तीस किलोमीटरच्या राइडला मला त्याची गरज वाटत नाही. साठच्या पुढे मी जांघेत सायकलिंगचे क्रीम लावते. पेट्रोलियम जेली काम करते पण पॅडमधून निघता निघत नाही, आणि खोबरेल तेल तासाभरात जिरून जाते.

ऑक्टोबरमध्ये पानशेतला जाऊन-येऊन आणि वाटेतले दोन फाटे धरून पहिल्यांदाच १०० किलोमीटर झाले. त्या दिवशी बिब, क्रीम, नीट बसवलेली सीट सगळे होते, पण मला वाटते सर्वांत जास्त उपयोग झाला तो दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून वीसएक सेकंद भार उतरवण्याचा. चढावर आपण आपसूक उठतो. सपाट रस्त्यावर मुद्दाम उठावे लागते, आणि दुखू लागण्याच्या आधी उठावे लागते. संध्याकाळी थकवा होता, सोलवटलेले कुठे नव्हते.

आजची स्थिती अशी आहे. ७०० रुपयांच्या शॉर्टचे पॅड चार महिन्यांत गोळा झाले आणि मागचे कापड इतके विरले की उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसते, ती मी टाकून दिली. २,२०० ची शॉर्ट सर्वाधिक, अंदाजे १,५०० किलोमीटर, वापरली गेली. मांडीची पकड थोडी सैल पडली असली तरी पॅड बोटांत दाबल्यावर अजून परत वर येते. बिबच्या एका पट्ट्याची शिवण उसवली होती, ती घरी दुहेरी दोऱ्याने घातली आहे. नवीन वर्षात आणखी एक जोडी घ्यायची आहे, आणि ती दुसऱ्या शॉर्टसारखीच, कमरेची, मधली शिवण नसलेली आणि त्याच मापाची असेल.