स्लिप-ऑन की वेल्ड नेक?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपलाइनचं काम निघालं की फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायची चकती, या दोनपैकी कुठला घ्यायचा हा प्रश्न येतोच. दरात स्लिप-ऑन स्वस्त. पाइपावर सरकवायचा, गुण्या लावून काटकोन बघायचा, आतून-बाहेरून कोपऱ्यात फिलेट वेल्ड मारायचं. पाइप दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त कापला गेला तरी फ्लँज मागेपुढे करून भागतं. कूलिंग टॉवरचं पाणी, कमी दाबाची हवा यांना वेल्ड नेक म्हणजे उगाच खर्च.

वाफेची लाइन मात्र रोज तापते, रोज निवते. त्यात स्टेनलेस 304 ग्रेडचं असो वा 316, साध्या पोलादापेक्षा जास्तच प्रसरण पावतं. स्लिप-ऑनमध्ये तो ताण फिलेटवर येतो. वेल्ड नेकची मान निमुळती होत पाइपाच्या जाडीला मिळते, ताण पसरतो. शिवाय वेल्ड नेक पाइपाला टोकाला टोक लावून जोडतात; त्या बट वेल्डचा एक्स-रे नीट निघतो, फिलेटचा नाही. स्लिप-ऑनमध्ये पाइपाचं टोक फ्लँजच्या फेसपासून (सपाट तोंडापासून) थोडं आत राहतं आणि त्या खाचेत माल साचतो. औषध कारखान्यात हे चालवून घेऊ नये, मग खरेदी खातं काहीही म्हणो.

वेल्ड नेक मागवताना नुसती साइज नको, शेड्यूलही (पाइपाच्या जाडीचा नंबर) लिहा. शेड्यूल 10 च्या पाइपाला 40 चा फ्लँज आला, तर आतला व्यास जुळत नाही. बसा मग लेथवर बोअर करत. वेल्डरही पक्क्या हाताचा हवा, कारण आतून आर्गॉन वायू न सोडता रूट (वेल्डचा पहिला थर) मारला की जोड आतून काळा, खरखरीत होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.